महडहून महाडला
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



यंदाच्या वर्धापनदिनी सायकलच्या प्रवासाविषयी तुम्हीच बोलायचे असे चिटणीसबाईंनी मला सांगितले, तेव्हा माझ्या पोटात गोळाच आला. पावणेदोनशे किलोमीटर सायकल चालवताना आला नव्हता तो आला! माझे शिक्षण सातवीपर्यंत. हळदीकुंकवाला उखाणा घेण्यापलीकडे चार माणसांत मी कधी तोंड उघडले नाही. तेव्हा काही उणे-अधिक झाले तर आपली समजून सांभाळून घ्यावे.

आम्ही पाचजणी जानेवारीत कर्जतहून सायकलने निघालो आणि चौथ्या दिवशी रायगडाच्या पायथ्याशी पाचाडला पोचलो, हे आपणा सर्वांना ठाऊक आहे. परत आल्यापासून मला एकच प्रश्न विचारला जातो, “अहो, या वयात हे काय खूळ?” त्याचे उत्तर आज देते. त्यासाठी मात्र थोडे मागे जावे लागेल.

माझे माहेर खालापूर तालुक्यात, खोपोली सोडल्यावर पालीच्या रस्त्याला सात-आठ किलोमीटरवर. गावात शाळा सातवीपर्यंत. पुढची शाळा खोपोलीला. घरात एक सायकल होती, वडिलांची. थोरला भाऊ ती घेऊन आठवीला जाऊ लागला. मी सुट्टीत चोरून, नळीखालून पाय घालून हाफ पायडल मारायला शिकले. एकदा उतारावर पडले, गुडघा फुटला. वडिलांनी सायकल ओटीवर टांगली आणि म्हणाले, “पोरीच्या जातीला हे नको.” माझी सातवी झाली आणि एस.टी.च्या वेळा शाळेच्या वेळेशी जमेनात. मी घरी राहिले. वडिलांना मी दोष देत नाही. त्या वेळी आमच्या गावात सगळ्याच मुलींचे असे झाले. परंतु आठ किलोमीटर म्हणजे किती, हे मला तेव्हा ठाऊक नव्हते. आज ठाऊक आहे. अंगात बेताची ताकद असलेल्या बाईला ते पाऊण तासाचे अंतर आहे. पाऊण तासासाठी माझी शाळा राहिली.

लहानपणी मुंबई-पुणे सायकल शर्यत खोपोलीवरून जाई. बोरघाट जो सर्वांआधी चढेल त्याला ‘घाटाचा राजा’ म्हणत. आम्ही मुले रस्त्याच्या कडेला उभी राहून टाळ्या वाजवत असू. राजे पाहिले, राणी कधी दिसली नाही. मग तो विषय मनातून गेला. लग्न झाले, कर्जतला आले, मुले झाली.

दोन वर्षांपूर्वी माझी साखर काठावर आली. डॉक्टरांनी रोज चालायला सांगितले. चालायला गेले तर गुडघा कुरकुरू लागला. तेव्हा डॉक्टरच म्हणाले, “सायकल चालवा, तिच्यावर शरीराचा भार गुडघ्यावर पडत नाही.” मुलीची जुनी सायकल परसात गंजत होती. आमच्या ह्यांनी ती दुरुस्त करून आणली. सासूबाई म्हणाल्या, “लोक हसतील.” हे म्हणाले, “हसू देत, तेवढीच त्यांची करमणूक.” आणि पहाटे अंधारात, कोणी पाहायच्या आत, मी पुन्हा सायकलवर बसले. तीस वर्षांनी! तोल जसाच्या तसा होता. हात विसरतात, पाय विसरत नाहीत.

माझे पाहून शिवणवर्गाच्या बाई आल्या, मग अंगणवाडीच्या ताई, मग खानावळवाल्या वहिनी आणि शेवटी आमच्या धाकट्या जाऊबाई. सर्वांत लहान एकोणतीस वर्षांची, सर्वांत मोठी छप्पन्न. खेळाडू एकही नाही. आम्ही रोज सकाळी पळसदरीपर्यंत जाऊन येऊ लागलो. एके दिवशी वहिनी म्हणाल्या, “रोज जाऊन परत येतो. एकदा नुसते जातच राहू या की!” तिथून हे सारे सुरू झाले.

माझ्या मुलीने मला मोबाईलवरून वाचून दाखवले की असे जातच राहणारे लोक पुष्कळ झाले. आदी हकीम, जाल बापासोला आणि रुस्तम भूमगारा हे मुंबईचे पारशी तरुण १९२३ साली सायकलवरून निघाले आणि जग फिरून १९२८ साली परत आले. पुण्याकडची वेदांगी कुलकर्णी हिने २०१८ साली, वयाच्या विसाव्या वर्षी, १५९ दिवसांत सुमारे २९ हजार किलोमीटर सायकल चालवून पृथ्वीला फेरा घातला. परंतु माझ्या मनात घर केले ते आयर्लंडच्या डर्व्हला मर्फीने. तिचा जन्म १९३१ चा. दहाव्या वाढदिवसाला तिला सायकल मिळाली आणि नकाशांचे पुस्तक मिळाले. तेव्हाच तिने ठरवले की आपण सायकलने हिंदुस्थानला जायचे. पण आई संधिवाताने अंथरुणाला खिळलेली. चौदाव्या वर्षी शाळा सुटली आणि ती आईचे करायला घरी राहिली. तिशी उलटेपर्यंत घरातच होती. आईवडील गेल्यावर १९६३ च्या जानेवारीत ती निघाली, आणि इराण, अफगाणिस्तान, पाकिस्तान या वाटेने त्याच वर्षी जुलैत दिल्लीला पोचली. मुलीला मी ते दोनदा वाचायला लावले. शाळा सुटली म्हणजे रस्ता सुटला असे नाही, एवढे मला त्यातून कळले.

आता आपल्यासारख्या बायकांनी लांबचा प्रवास करायचा तर काय करावे, ते अनुभवाने सांगते. यात शक्तीचे काम थोडे आणि सवयीचे फार.

पहिली गोष्ट, घाई करू नये. आम्ही चार किलोमीटरपासून सुरुवात केली. दर आठवड्याला थोडे थोडे वाढवले, जसे विरजण घट्ट व्हायला रात्र द्यावी लागते तसे. आठवड्यातून एक दिवस विश्रांती. चार महिन्यांत चाळीस किलोमीटरपर्यंत आलो. खरी परीक्षा मात्र दुसऱ्या दिवशी असते. आज चाळीस केले आणि उद्या पुन्हा चाळीस करता आले, तरच प्रवासाला तयार झालो असे समजावे. निघण्यापूर्वी पाचहीजणींनी रक्त तपासून घेतले. दोघींचे हिमोग्लोबिन बाराच्या खाली निघाले. डॉक्टरांच्या सल्ल्याने त्यांनी लोहाच्या गोळ्या घेतल्या, तेव्हा चढावर लागणारी धाप कमी झाली. आपण बायका थकव्याला स्वभाव समजतो. कित्येकदा ते नुसते रक्त कमी असते.

दुसरी गोष्ट, सीट. पडायच्या भीतीने आपण सीट खाली ठेवतो आणि मग गुडघे दुखतात. पायडल सर्वांत खाली असताना त्यावर टाच ठेवली तर पाय सरळ व्हावा, म्हणजे चवडा ठेवून चालवताना गुडघा किंचित वाकलेला राहतो. माझी सीट दोन बोटे वर केली आणि गुडघ्याची कुरकुर थांबली. फार मऊ गादीच्या मोहात पडू नये. थोड्या अंतराला ती बरी वाटते, पण तासाभराने तीच बोचते.

तिसरी गोष्ट, वेग. चालवताना शेजारणीशी बोलता आले पाहिजे. बोलता बोलता दम लागला तर वेग जास्त झाला असे समजावे. आमचा वेग ताशी बारा किलोमीटर. तेवढ्याने दिवसाला पन्नास-साठ किलोमीटर सहज होतात. गिअरची सायकल असेल तर चढ लागण्याआधीच गिअर हलका करावा. गिअर नसेल तर उतरून चालावे, त्यात लाज नाही. उतारावर दोन्ही ब्रेक मिळून, थोडे दाबून थोडे सोडून लावावेत. सारखे धरून ठेवू नयेत.

कपड्यांचे म्हणाल तर सलवार-कमीज बरी. ओढणी गाठ मारून आत खोवावी आणि सलवारीच्या पायाला चेनच्या बाजूने रबर लावावे. सामान पाठीवर घेऊ नये. कॅरिअरच्या दोन्ही बाजूंना सारख्या वजनाच्या पिशव्या बांधाव्यात. रस्त्याला एकामागे एक चालावे, मागे लाल दिवा असावा. आणि द्रुतगती मार्गावर सायकलला बंदी आहे, तेव्हा तिकडे फिरकू नये. आपला जुना रस्ताच बरा.

आता प्रवासाची हकीकत. आमच्या खालापूर तालुक्यात वरदविनायकाचे महड आहे, आणि दक्षिणेला सावित्रीच्या काठी चवदार तळ्याचे महाड आहे. नावात एका कान्याचा फरक, पण मधला रस्ता शंभराहून अधिक किलोमीटरचा. ताई म्हणाल्या, “चला, तो काना ओढून येऊ!”

पहिल्या दिवशी पहाटे साडेपाचला निघालो. धुके होते. पळसदरीचा रस्ता रोजचा, त्यामुळे खोपोलीची बाजू कधी आली ते कळले नाही. महडला वरदविनायकाचे दर्शन घेतले. इथला नंदादीप १८९२ पासून तेवतो आहे असे सांगतात. मग मागे फिरून खोपोली, आणि दुपारी एकच्या सुमारास माझे माहेर. पहिला मुक्काम तिथेच होता. जाणूनबुजून पहिला दिवस अडतीस किलोमीटरचा, लहानच ठेवला होता.

वडील आता ऐंशीच्या घरात आहेत. ओटीवर बसले होते. पाच सायकली अंगणात आलेल्या पाहून काहीच बोलले नाहीत. मला वाटले, राग आला असावा. भावाने रात्री पोपटी लावली. मडक्यात वालाच्या शेंगा, वर भांबुर्ड्याचा पाला आणि भोवती जाळ. सगळ्याजणी हसत-बोलत शेकोटीशी बसल्या. वडील एकटेच लवकर झोपायला गेले.

दुसऱ्या दिवशी पहाटे उठून बाहेर आले तो अंगणात खस्-खस् आवाज. वडील उकिडवे बसून माझ्या सायकलच्या मागच्या चाकात पंपाने हवा भरीत होते. तोच जुना पंप. अंगठ्याने टायर दाबून पाहिला आणि म्हणाले, “मागे सामान आहे. मागच्या चाकात हवा जास्त लागते. हे कोणी सांगितले नाही होय तुला?” मी म्हटले, “नाही, दादा.” त्यांनी पाचही सायकलींची चाके तपासली. निघताना पंप माझ्या पिशवीला बांधून दिला आणि म्हणाले, “ठेव. माझ्या कामाचा नाही आता.” रस्त्याला लागल्यावर मैत्रिणी मला म्हणाल्या, “अहो, वाऱ्याने डोळ्याला पाणी येते हो.” मी म्हटले, “येते खरे.”

त्या दिवशी साठ किलोमीटर करायचे होते. पालीला बल्लाळेश्वराचे दर्शन घेतले. मागे सरसगड उभा. तिथून वाकणला मुंबई-गोवा रस्त्याला लागलो आणि वाहनांची गर्दी सुरू झाली. इथे माझी चूक झाली, ती सांगितल्यावाचून राहवत नाही. वाटेत बायकांना जायला जागा कुठे मिळेल या काळजीने मी सकाळपासून पाणीच प्याले नव्हते. कोलाडच्या अलीकडे ऊन चढले, डोके गरगरले आणि मी सायकलसकट रस्त्याच्या कडेला बसले. वहिनींनी लिंबू, मीठ, साखर घातलेले पाणी घोट-घोट पाजले आणि झाडाखाली निजवले. तासाभराने उठले. त्या रात्री कोलाडला शिवणवर्गाच्या बाईंच्या नातेवाइकांकडे मुक्काम होता, तिथे आम्ही नियम केला. दर पंधरा-वीस मिनिटांनी दोन घोट पाणी, आणि तासाला एक केळे किंवा मूठभर शेंगदाणे आणि गुळाचा खडा, भूक लागो न लागो. मोरीची सोय कोणा घरी विचारायची, आणि विचारायचे काम पाळीपाळीने करायचे. सांगायला आनंद वाटतो की पुढच्या दोन दिवसांत एकाही घरातल्या बाईने नाही म्हटले नाही. उलट दोन ठिकाणी चहा झाला. एका घरातल्या म्हातारीने माझी सायकलची घंटा वाजवून पाहिली आणि लहान मुलीसारखी हसली.

भगिनींनो, आपण पाणी न पिण्याची ही सवय फक्त सायकलवर लावून घेतलेली नाही. एस.टी.त, लग्नघरी, बाजारात आपण हेच करतो. ती सोडली पाहिजे.

तिसऱ्या दिवशी माणगाव, लोणेरे करीत महाड गाठायचे होते. लोणेऱ्याच्या पुढे जाऊबाईंच्या चाकात हवा उरली नाही. पंक्चर काढायला आम्ही शिकून गेलो होतो. चाक काढले, ट्यूब बादलीत बुडवून बुडबुडा पाहिला, घासकागदाने घासले, सोल्यूशन लावले, वाळू दिले, ठिगळ चिकटवले. भोवती बघे जमले. एकजण म्हणाला, “बायकांना जमणार का?” तेवढ्यात चाक उभे राहिले! मोठ्या तोऱ्यात निघालो, आणि दोन किलोमीटरवर पुन्हा फुस्स. टायरच्या आतून बोट फिरवून काटा पाहायचा असतो, तेच विसरलो होतो. बाभळीचा काटा जिथल्या तिथे होता. दुसऱ्या वेळी मात्र कोणी बघे नव्हते, हे नशीब. तेव्हा ठिगळाआधी काटा शोधावा. संसारातही हेच म्हणायला हरकत नाही.

संध्याकाळी महाडला पोचलो. आधी चवदार तळ्यावर गेलो. २० मार्च १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी इथे ओंजळीने पाणी घेतले, ते सर्वांना पाणी खुले असावे म्हणून. आदल्या दिवशी पाण्यावाचून रस्त्यात पडलेली मी, त्या काठावर बराच वेळ उभी राहिले. माझे पाणी मीच नाकारले होते. त्यांना ते इतरांनी नाकारले होते. दोहोंत फार अंतर आहे, तरी पाण्याचे मोल त्या दिवशी मला नव्याने समजले.

चौथा दिवस पंचवीस किलोमीटरचा, पण शेवटी कोंझरचा चढ. आम्ही तो बहुतेक चालत चढलो. छप्पन्न वर्षांच्या शिवणवर्गाच्या बाई मात्र गिअर टाकून हळूहळू, एकदाही न उतरता वर गेल्या. त्या आमच्या घाटाच्या राणी! मी लहानपणी जी पाहिली नव्हती ती अखेर पाहिली.

पाचाडला जिजाऊंची समाधी आहे. गडावरची हवा मानवत नसे म्हणून त्यांच्यासाठी इथे वाडा बांधला होता, असे सांगतात. ६ जून १६७४ ला राज्याभिषेकाचा सोहळा झाला आणि १७ जूनला त्या गेल्या. मुलाचा राज्याभिषेक डोळ्यांनी पाहिला, आणि मग गेल्या. आम्ही सायकली बाहेर लावल्या आणि समाधीला हळदीकुंकू वाहिले. फोटो काढायचे कोणाला सुचले नाही. येताना टेम्पोतून परत आलो, तेव्हा सगळ्याजणी झोपी गेल्या होत्या.

आता शेवटचे. मी बोलायला कबूल झाले ते एका मागणीसाठी. आजही आपल्या तालुक्यांत काही वाड्यांवरून मुलींना पुढच्या शाळेला पायी यावे लागते. पाऊस लागला, एस.टी. चुकली की त्यांची शाळा बुडते, आणि बुडता बुडता एके दिवशी सुटते. माझी सुटली तशी. आपल्या मंडळाकडे भिशीचे आणि हळदीकुंकवाच्या वर्गणीचे थोडे पैसे शिल्लक आहेत. त्यातून मंडळाने दोन सायकली घ्याव्यात आणि गरजू मुलींना वर्षभरासाठी वापरायला द्याव्यात, अशी माझी विनंती आहे. दर रविवारी सकाळी सात वाजता, ज्या बायकांना शिकायचे असेल त्यांना आम्ही पाचजणी शिकवू. वयाची अट नाही. सासूबाई परवा म्हणाल्या, “मला मागे बसवून देवळापर्यंत नेशील का?” म्हणजे आमच्या घरचा विरोध संपला असे समजायला हरकत नाही.

वडिलांचा पंप मी आज बरोबर आणला आहे. तो मंडळाच्या कपाटात ठेवावा, अशी मी अध्यक्षीणबाईंना विनंती करते. पहिली सायकल येईल तेव्हा तिच्या चाकात हवा त्याच पंपाने भरावी. आणि मागच्या चाकात थोडी जास्त भरावी.